विंचूदंशावरील संशोधन : नोंदवहीपासून उपचारापर्यंत

वैद्यकीय संशोधन म्हटले की महानगरातील प्रयोगशाळा आणि मोठी रुग्णालये डोळ्यांपुढे उभी राहतात. तथापि, काही रोगांचे स्वरूप ग्रामीण दवाखान्यातच नीट पाहावयास मिळते. कोकणातील विंचूदंशावरील उपचाराचा शोध हे याचे बोलके उदाहरण होय. पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्या शोधाचे फळ रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचविणे बऱ्याच अंशी त्यांच्याच हाती आहे.

लहान विंचू, मोठा धोका

काळ्या रंगाच्या मोठ्या इंगळीची लोकांना अधिक भीती वाटते. वस्तुतः आकाराने लहान असलेला लाल विंचू कितीतरी अधिक घातक असतो. पेंढा, लाकडाचा ढीग, गवऱ्या, भिंतींच्या फटी आणि पायताणे ही त्याची आश्रयस्थाने. दंशाचे प्रमाण उन्हाळ्यात आणि पावसाळा सरतानाच्या दिवसांत वाढते.

या विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि ॲड्रेनॅलिनसारखी उत्तेजक द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणात उतरतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर असह्य ताण पडतो आणि अखेर फुफ्फुसात पाणी साचून रुग्ण दगावू शकतो. १९८३ पूर्वीच्या दोन दशकांत गंभीर विषबाधा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के रुग्ण मृत्युमुखी पडत असत. त्यांत लहान मुलांची संख्या लक्षणीय होती.

रुग्णाच्या खाटेशेजारील निरीक्षण

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर हे तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचे तापमान यांची ते वेळोवेळी नोंद ठेवीत. या नोंदींतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ सुटणे आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे हृदयावरील संकटाची पूर्वसूचना असतात. उलटपक्षी, दंशाच्या जागी तीव्र वेदना असून अन्य लक्षणे नसतील, तर बहुधा धोका कमी असतो. हे निष्कर्ष १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

रोगाचे कारण उमगल्यावर उपायाची दिशा मिळाली. उत्तेजक द्रव्ये रक्तवाहिन्यांवर ज्या ठिकाणी परिणाम करतात, ती ठिकाणे प्राझोसिन हे औषध अडवून धरते. उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेले हे औषध गोळीच्या रूपात मिळते. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावर त्याचा वापर केला आणि त्याविषयीचे टिपण १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यानंतर त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्क्यापर्यंत खाली आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

तुलनेचे महत्त्व

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. एखाद्या उपायानंतर रुग्ण बरा झाला, तर तो त्या उपायानेच बरा झाला असे मानावे काय? विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाची ख्याती याच गैरसमजावर टिकून आहे. बहुसंख्य दंशांत केवळ वेदना होतात व त्या काही काळाने आपोआप ओसरतात. श्रेय मात्र मंत्राला मिळते. ज्या थोड्या रुग्णांच्या शरीरात विष भिनलेले असते, त्यांचा मोलाचा वेळ त्यात वाया जातो.

या कारणास्तव चिकित्सेतील संशोधन तुलनेवर भर देते. मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाची विंचूविषावरील प्रतिविष लस उपलब्ध झाल्यावर प्राझोसिनला तिची जोड द्यावी काय, हे ठरविण्यासाठी महाड परिसरात विषबाधेची लक्षणे असलेल्या ७० रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, वैद्याच्या पसंतीला वाव न ठेवता, रुग्णांचे ३५-३५ चे दोन गट केले गेले. एका गटास दोन्ही औषधे, तर दुसऱ्यास केवळ प्राझोसिन देण्यात आले. ज्ञात उपचारापासून कोणासही वंचित ठेवले नव्हते, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. दहा तासांच्या आत पहिल्या गटातील ३२, तर दुसऱ्या गटातील केवळ ८ रुग्ण पूर्ण बरे झाले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

गावाचे कर्तव्य

संशोधन कितीही मोलाचे असले, तरी औषध वेळेवर न मिळाल्यास त्याचा उपयोग नाही. दंशानंतर उपचारास जितका विलंब, तितका धोका अधिक. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष पुरविणे आवश्यक आहे :

१. जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष लस यांचा साठा आहे काय, याची ग्रामपंचायतीने हंगामापूर्वी विचारणा करावी.

२. रात्री-अपरात्री रुग्णास नेण्यासाठी वाहनाची सोय आधीच ठरवून ठेवावी.

३. घाम, उलट्या, लाळ आणि गार हातपाय ही धोक्याची लक्षणे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकवावीत. दंशाची जागा कापणे किंवा चोखणे टाळावे, रुग्णास झोपवून शांत ठेवावे आणि विनाविलंब दवाखान्यात न्यावे. प्राझोसिनमुळे रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. सबब ते वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

४. आरोग्य कर्मचाऱ्यांनी दंशाची वेळ, लक्षणे व उपचार यांची नोंद काटेकोरपणे ठेवावी.

यांतील शेवटची सूचना वरकरणी रुक्ष वाटेल. परंतु बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातील कामाची सुरुवात अशाच नोंदींपासून झाली होती. आपल्या केंद्रातील नोंदवही प्रामाणिकपणे भरली जाते काय, हे पाहणे म्हणजे उद्याच्या रुग्णाच्या प्राणरक्षणास हातभार लावणेच होय.