मालदीवची सहल : आधी वाट, मग मुक्काम

मालदीवच्या सहलीचा बेत बहुतेक कुटुंबांत खोलीच्या छायाचित्रापासून सुरू होतो आणि तिथेच चुकतो, कारण या देशात मुक्कामाच्या दर्जाइतकेच महत्त्व विमानतळ आणि मुक्काम यांच्यामधल्या पाण्याला असते. उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर पसरलेल्या या राष्ट्रात जवळजवळ १,२०० बेटे असून ती २६ कंकणद्वीपांत विभागलेली आहेत. कंकणद्वीप म्हणजे समुद्रात खचलेल्या ज्वालामुखीच्या कडेने प्रवाळांनी रचलेले खडकांचे वलय. वलयाच्या आत उथळ, शांत खाजण असते आणि बाहेर खोल समुद्र. १९७२ मध्ये पर्यटन सुरू झाल्यापासून येथे एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी रीत रूढ झाली, त्यामुळे शेजारच्या खानावळीत स्वस्तात जेवावे किंवा उशीर झाल्यास टॅक्सीने मुक्काम गाठावा, या सोयी अशा बेटावर मुळातच नसतात.

भारतातून जाणारी बहुतेक विमाने माले शहरालगतच्या वेलाना विमानतळावर उतरतात. तेथून जवळच्या बेटांवर स्पीडबोटीने, अतिदूरच्या कंकणद्वीपांत देशांतर्गत विमान व नंतर बोटीने, आणि मधल्या पट्ट्यातील कित्येक रिसॉर्टवर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते. सीप्लेनचा वैमानिक पाण्याचा पृष्ठभाग डोळ्यांनी पाहून विमान उतरवीत असल्याने ही सेवा केवळ दिवसाउजेडी चालते, आणि दुपारी साडेतीननंतर मालेला पोहोचणाऱ्या प्रवाशाला त्याच दिवशी ते मिळेल याची खात्री राहत नाही. स्वस्त तिकिटासाठी संध्याकाळचे विमान निवडणाऱ्या दांपत्यांना हे अनेकदा विमानतळावर उतरल्यावरच कळते. मग पहिली रात्र जवळच्या हुलुमालेत पदरचे पैसे खर्चून काढावी लागते आणि रिसॉर्टवरील त्या रात्रीचे आगाऊ भरलेले भाडेही वाया जाते. पहाटेच्या परतीच्या विमानाने हाच भुर्दंड सहलीच्या शेवटी पडतो. सीप्लेनचे जाण्यायेण्याचे भाडे माणशी ४०० डॉलरांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असते व ते खोलीच्या जाहीर दरात बहुधा धरलेले नसते. सामानाची मर्यादाही साधारणतः २० किलो आणि हातातील ५ किलो एवढीच असते.

ऋतूचा विचार मराठी कुटुंबांनी विशेष काळजीने केला पाहिजे, कारण शाळांची मे महिन्याची सुट्टी आणि मालदीवातील नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे आगमन एकाच सुमारास येते. हे वारे केरळच्या किनाऱ्याला लागण्याआधी या बेटांवर पोहोचलेले असतात. दिवसभर पाऊस पडतोच असे नाही, परंतु समुद्र खवळतो, पाण्यातील दृश्यता घटते आणि लहान मुले व वृद्ध यांना स्पीडबोटीतील तासभराचे हेलकावे असह्य होतात. कोरडा, शांत काळ ईशान्य वाऱ्यांचा, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल हा होय, आणि भाडीही त्याच काळात चढलेली असतात. शाळेची अडचण नसलेल्यांनी तरी मे महिन्याचा हट्ट धरू नये.

मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला रिसॉर्टपेक्षा माफुशीसारखे लोकवस्तीचे बेट अधिक मानवते, हे मत येथे आग्रहाने मांडावेसे वाटते. अशा बेटांवर अतिथीगृहे आहेत, मालेहून स्पीडबोटी व स्वस्त फेरीबोटी आहेत आणि माणसांत राहिल्याचे समाधान आहे. मात्र तेथे इस्लामी कायदा व रिवाज पाळावे लागतात: मद्य मिळत नाही, पोहण्याचे तोकडे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात आणि शुक्रवारी बहुतेक सार्वजनिक फेरीबोटी बंद असतात. मद्य देशात नेताच येत नाही. पूजेच्या मूर्ती आणण्यासही बंदी असल्याने देव्हाऱ्यातील छोटा गणपती सामानात ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी तो घरीच ठेवावा.

हरित कर, म्हणजे पर्यावरणासाठी पर्यटकांकडून घेतला जाणारा कर, २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी दररोज १२ डॉलर आणि वस्तीच्या बेटांवरील ५० हून कमी खोल्यांच्या अतिथीगृहांत ६ डॉलर आहे. त्याखेरीज सेवाशुल्क व पर्यटनावरील वस्तू-सेवा कर बिलात वाढतो. भारतीयांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, परंतु प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरावे लागते, आणि परतताना तेच पुन्हा करावे लागते.

म्हणून खोलीची रक्कम भरण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने वाहन कोणते, त्याची शेवटची वेळ कोणती आणि सर्व करांसह एकूण खर्च किती, हे मुक्कामाच्या व्यवस्थापनाकडून लेखी मागून घ्यावे, आणि विमानाचे तिकीट त्यानंतरच काढावे.