निळसर-हिरव्या आकड्यांचं घड्याळ घरी बनवायला किती खर्च येतो?

रात्रीच्या पाळीची लाइट असली की लोह्याच्या शिवारात मोटार चालू करायला मध्यरात्री उठावं लागतं. तेव्हा आखाड्यावरच्या अंधारात वेळ स्वच्छ दिसावी आणि डोळे दिपू नयेत, यासाठी व्हीएफडी नळीच्या घड्याळासारखं दुसरं काही नाही. जुन्या डीव्हीडी प्लेअरवर उजळायचे तेच हे निळसर-हिरवे आकडे. नळीत केसाहून बारीक तारा तापतात, इलेक्ट्रॉन सुटतात आणि ज्या रेघेला २५-३० व्होल्ट मिळतात तेवढीच रेघ उजळते.

सुटी नळी मागवण्याआधी भंगारवाल्याकडे चक्कर मारा. बंद पडलेला प्लेअर साधारण शंभर-दीडशेत मिळतो. पॅनलच्या मागे रेघा चालू-बंद करणारी चालक चिप असेल तर अर्धं काम झालंच. तिला उणे व्होल्टेज लागतं, म्हणून त्याच सेटचा पॉवर बोर्डही सोबत घ्या. मात्र त्या बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशे व्होल्ट उरलेले असू शकतात. मल्टीमीटरने तपासल्याशिवाय हात लावू नका. घरात लहान मुलं असतील तर या वाटेला न गेलेलंच बरं.

दुसरी वाट सोव्हिएत काळातल्या आयव्ही-१८ नळीची. काचेच्या एकाच नळीत आठ आकडे. ही परदेशातून येते, त्यामुळे नळीचे हजार-दीड हजार, शिवाय टपाल आणि कस्टम. नळीच्या आतल्या काचेवर चांदीसारखा चकचकीत डाग असतो. फोटोत तो नीट पाहा. डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती नळी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

बाकीचं सामान नांदेडला किंवा ऑनलाइन मिळतं. भाव अंदाजे सांगतो: आर्डुइनो नॅनो (घड्याळ चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) तीनशे, व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल शंभराच्या आत, पाच व्होल्टचा अडॅप्टर दोनशे, बोर्ड-वायर शंभर, आयव्ही-१८ साठी वेगळी चालक चिप पाचशेच्या आसपास. म्हणजे भंगारातल्या पॅनलवर हजारात भागतं, आयव्ही-१८ घेतली तर साडेतीन हजार धरून चाला. सोल्डरिंग गन आणि मल्टीमीटर नसेल तर आणखी पाच-सहाशे.

आयव्ही-१८ च्या फिलामेंटला पाच व्होल्टवर ८५ मिलीअँपिअर लागतात. ते थेट अडॅप्टरवरून द्या, नॅनोच्या पिनवरून नको, पिन जळते. खोलीत अंधार करून बघा: तारा जेमतेम लालसर दिसल्या तर ठीक, नारिंगी दिसल्या तर लगेच बंद करा.

वेळ राखायला डीएस३२३१ मॉड्यूल घ्या, दीडशेपर्यंत मिळतं. वर्षाला साधारण मिनिटभराचाच फरक पडतो आणि लाइट गेली तरी बटणसेलवर वेळ चालू राहते. स्वस्त मॉड्यूल सेल चार्ज करायला बघतं, पण सीआर२०३२ चार्ज होणारा सेल नव्हे, तो फुगतो. काचेच्या छोट्या डायोडशेजारी २०१ लिहिलेला रेझिस्टर असतो. सेल बसवण्याआधी तेवढा उपटून टाका.