सायकल : तिची निवड आणि हिवाळ्यातील सराव



कार्तिकी पौर्णिमा उलटली की माहीच्या काठावर पहाटेचे धुके उतरू लागते, शेतांतून गव्हाचे कोंब वर येतात आणि शाळेच्या आवारात पहिल्या घंटेपूर्वी सायकलींची रांग लागते. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींची बोटे थंडीने काकडलेली असतात, परंतु चेहऱ्यावर एक प्रकारची टवटवी दिसते. ती पाहून प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. मी मूळचा गोव्याचा. घरची बोली कोंकणी. आमच्याकडे हिवाळा म्हणजे अंगावर एखादी चादर अधिक घेण्याचे दिवस. मालव्याचे पठार मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील पहाटेचा पारा १० अंशांच्याही खाली जातो. तेव्हा हिवाळ्यात सायकल कशी चालवावी, हा धडा मला येथेच, आणि तोही थोडा आपटून, शिकावा लागला.

प्रथम निवडीचा प्रश्न घेऊ. गेल्या दिवाळीच्या सुटीत नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. सोयाबीनचे पैसे हाती आले होते व मुलाने सायकलीचा हट्ट धरला होता. मुलाला हवी होती जाड टायरांची, पुढे स्प्रिंगा बसवलेली, गिअरची सायकल. तिची किंमत साध्या सायकलीच्या दुपटीहून अधिक. वडील म्हणाले, "गुरुजी, एकदाच घेणे होईल. चुकले तर पुन्हा जमणार नाही." हे वाक्य मी विसरलो नाही. ज्यांच्या घरी सायकल एकदाच घेतली जाते, त्यांनी ती डोळ्यांनी पसंत न करता मापाने पसंत करावी.

मापाची रीत अगदी सोपी आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ही झाली पायाची आतली लांबी. त्या मुलाची लांबी ७२ सेंटीमीटर भरली. या संख्येस ०.८८ ने गुणले की पायडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारणपणे मिळते. म्हणजे येथे सुमारे ६३ सेंटीमीटर. गणित नको असेल तर दुसरी खूण आहे. सीटवर बसून टाच पायडलावर ठेवावी; पायडल सर्वांत खाली असता गुडघा सरळ झाला पाहिजे. मग प्रत्यक्ष चालवताना तळव्याचा पुढचा भाग पायडलावर येतो व गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो. दांडीच्या सायकलीस आणखी एक कसोटी आहे. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकून दांडीवर उभे राहिले असता शरीर व दांडी यांत दोनतीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. नाहीतर घाईने उतरण्याची वेळ येईल तेव्हा दुखापत ठरलेली.

"मुलगा वाढता आहे, दोन बोटे मोठीच घ्या," असे दुकानात सांगितले जाते. सदऱ्याच्या बाबतीत हा व्यवहार ठीक आहे, सायकलीच्या बाबतीत नाही. मी स्वतः एकदा मोठ्या शहरातील एका दुकानातून रुबाबदार दिसणारी, पण माझ्या मापाहून मोठी सायकल आणली. पाय पुरत नसल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात कंबर डोलत असे. दोन हिवाळे गुडघा दुखत राहिला आणि मी दोष थंडीला देत राहिलो. शेवटी ती सायकल विकली, मापाची घेतली, तेव्हा गुडघा बरा झाला.

आता प्रकारांचा विचार करू. आपली नेहमीची जड काळी सायकल १८ ते २२ किलोग्रॅम वजनाची असते. ती ओझे वाहते, कच्च्या रस्त्यावर टिकते आणि कोणत्याही गावी दुरुस्त होते. शर्यतीची सायकल ८ ते १० किलोग्रॅमची; आंतरराष्ट्रीय नियमानुसार शर्यतीत ती ६.८ किलोग्रॅमहून हलकी असता कामा नये. तिचे टायर अरुंद असून खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यांचा निभाव लागत नाही. या दोहोंमध्ये १२ ते १५ किलोग्रॅमची, मध्यम टायरांची, सरळ हँडलाची सायकल येते. शाळा व सराव ही दोन्ही कामे एकाच सायकलीवर करावयाची असतील तर हीच सोयीची. स्वस्त सायकलीवरील स्प्रिंगांविषयी मात्र सावध राहावे. त्या वजन वाढवतात आणि चढावर पायाचा जोर पुढे जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो.

गिअर म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. साध्या सायकलीच्या पुढील चक्रास ४४ दाते व मागील चक्रास १८ दाते असले तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर एका फेऱ्यात आपण सुमारे ५.४ मीटर पुढे जातो. मिनिटास ६० फेरे मारले तर ताशी वेग १९ किलोमीटरहून थोडा अधिक पडतो. गिअरच्या सायकलीत दात्यांचे हे प्रमाण बदलता येते. चढावर एका फेऱ्यात केवळ अडीच मीटर अंतर कापावे, सपाटीवर सहा मीटर कापावे, अशी सोय होते. गिअरमुळे शक्ती वाढत नाही. आहे ती शक्ती सोसेल अशा हप्त्यांनी खर्च करता येते. वाढत्या वयाच्या मुलांनी नेहमी हलका गिअर ठेवून पाय भराभर, मिनिटास ७० ते ८० फेरे, फिरवावेत. जड गिअर दाबत बसण्यात पुरुषार्थ नाही; त्यात गुडघ्याचे नुकसान मात्र आहे.

आता हिवाळ्याकडे वळू. थंडीचा पहिला परिणाम टायरवर होतो. विज्ञानाच्या तासाला आपण शिकलो आहोत की आकारमान तेच राहिले तर वायूचा दाब तापमानाबरोबर कमी होतो. दुपारी ३० अंश तापमानात टायरमध्ये ६० पौंड हवा भरली आणि पहाटे तापमान ८ अंशांवर आले, तर दाब सुमारे ५५ पौंड उरतो. म्हणजे पंक्चर नसतानाही पहाटे टायर मऊ लागतो. म्हणून हिवाळ्यात हवा निघण्यापूर्वी तपासावी. आदल्या दिवशीच्या हवेवर विसंबू नये. दुसरा परिणाम वातावरणाचा. थंड हवा अधिक घन असते. ३५ अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा सुमारे ९ टक्के घन असते व तितकाच तिचा विरोध अधिक होतो. तेव्हा डिसेंबरच्या पहाटे वेग थोडा कमी पडला तर निराश होऊ नये.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच मला आपटून शिकावा लागला. येथे आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे मी उतारावरून येत होतो. पुढे वळणावर बैलगाडी दिसली. ब्रेक दाबले, ते लागलेच नाहीत. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या सायकलीच्या लोखंडी रिमांवर दव साचले होते आणि ओल्या रिमवरून ब्रेकची रबरे नुसती घसरत होती. हँडल वळवून मी हरभऱ्याच्या शेतात शिरलो, म्हणून हातपाय खरचटण्यावर निभावले. त्या वळणावर बैलगाडीऐवजी ट्रक असता तर हा लेख लिहिण्यास मी उरलो नसतो. म्हणून तुम्हांस माझे आग्रहाचे सांगणे आहे की, पहाटे निघताना रिमा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, सपाटीवरच दोनदा ब्रेक लावून पाहावेत आणि उतार सुरू होण्यापूर्वी ब्रेक हलके दाबून रिमांवरील पाणी पुसून टाकावे.

धुक्याचा नियमही ध्यानात ठेवा : जेवढे दिसते तेवढ्याच अंतरात थांबता आले पाहिजे. ताशी २० किलोमीटर वेगाने आपण एका सेकंदात साडेपाच मीटर जातो. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. त्यात वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. धुके दाट असेल तर सूर्य वर येईपर्यंत थांबावे. हजेरीपेक्षा जीव मोठा आहे. मागे तांबडा दिवा, पुढे पांढरा दिवा, अंगावर फिक्या रंगाचे कपडे व डोक्यावर हेल्मेट असावे. इंदूर–अहमदाबाद महामार्गावर सराव करू नये. तेथील अवजड वाहनांना सायकलस्वार उशिरा दिसतो. सरावासाठी गावागावांना जोडणारे आतले रस्ते पुरेसे आहेत.

कपड्यांविषयी थोडेसे. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोनतीन पातळ कपडे बरे. घाम येऊ लागताच एक काढता येतो. कान व बोटे झाकलेली असावीत, कारण गारठलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. फ्रान्समधील सुप्रसिद्ध शर्यतीत, जी १९०३ साली सुरू झाली, घाट उतरताना खेळाडू सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवीत असत. हा उपाय एका रद्दी कागदात होतो आणि वारा खरोखरच अडतो. पाण्याकडे दुर्लक्ष करू नये. थंडीत तहान कमी लागते, परंतु घाम व श्वास यांवाटे पाणी जातच असते. तासाभराहून अधिक जावयाचे असेल तर गूळ-शेंगदाणे किंवा तिळाचा लाडू खिशात असावा.

सराव कसा करावा? आठवड्यातून तीन दिवस अर्धा ते पाऊण तास आणि रविवारी एक लांब फेरी, एवढे पुरे. पहिली दहा-पंधरा मिनिटे अगदी सावकाश चालवावे. थंड स्नायूंना एकाएकी जोर सोसत नाही. त्यानंतरही वेग असा असावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. रविवारची फेरी १५ किलोमीटरने सुरू करावी, दर आठवड्यास ५ किलोमीटर वाढवावी व प्रत्येक चौथ्या आठवड्यास ती जवळजवळ निम्मी करावी. अशा रीतीने १५, २०, २५ व विश्रांती; ३०, ३५, ४० व विश्रांती; ४५, ५०, ५५ व विश्रांती, असे बारा आठवडे होतात. विश्रांतीचा आठवडा आळसाचा समजू नये. शरीर श्रमाने झिजते आणि विश्रांतीत भरून निघते. गुडघा दुखल्यास त्या दिवशी थांबावे व सीटची उंची पुन्हा मोजावी.

इतक्या साध्या सरावाने काय साधणार, असे कोणी विचारील. हौशी सायकलस्वारांसाठी २०० किलोमीटरची एक फेरी असते. ती साडेतेरा तासांत पुरी करावयाची असते. भागाकार करून पाहा. ताशी १५ किलोमीटरही पडत नाहीत. तेथे वेगाची परीक्षा नसते, चिकाटीची असते. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तरुण १९२३ साली आपल्या साथीदारांसह साध्या सायकलींवर निघाले आणि सुमारे ७१,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी आपला व्यवसाय सांभाळून २०१५ साली अमेरिकेची सुमारे ४,८०० किलोमीटरची आडवी शर्यत जोडीने पार केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटरचा जगप्रवास सायकलीवर केला. यांपैकी कोणाचाही आरंभ लांबच्या मजलेने झाला नसणार. आरंभ नेहमी घराजवळच्याच रस्त्यावर होतो.

आता त्या विद्यार्थ्याविषयी सांगून लेख संपवतो. आम्ही त्याच्या मापाची, स्प्रिंगा नसलेली, साधी सायकल निवडली. उरलेल्या पैशांत दोन दिवे, हेल्मेट, पंप व पंक्चरचे सामान आले. तरी वडिलांच्या हाती काही रक्कम शिल्लक राहिली. पंधरा दिवस मुलगा माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटले. कारण हौस ही लहान गोष्ट नव्हे. परंतु माघ महिन्यातील एका रविवारी तो माझ्याबरोबर ५० किलोमीटर आला. परतीच्या चढावर मी मागे पडलो. तो वर जाऊन थांबला व माझी वाट पाहू लागला. मी जवळ पोचताच म्हणाला, "गुरुजी, धाकट्या बहिणीचे माप घेऊन ठेवले आहे. पुढल्या वर्षी तिला शाळेत यायचे आहे."

पालकांनी व विद्यार्थ्यांनी या वाक्याचा विचार करावा. पाच-सहा किलोमीटरवरील खेड्यातील मुलीच्या दृष्टीने सायकल हे खेळाचे साधन होण्याआधी शाळेची वाट असते. ती वाट हिवाळ्याच्या पहाटेसही सुरक्षित राहावी, यासाठी माप, ब्रेक, दिवा व सबुरी या चार गोष्टी सांभाळा. वेग त्यांच्या मागोमाग आपोआप येईल.