आधी ऐका, मग शेरा लिहा

प्रश्न : मी भिवंडी तालुक्यात नव्याने केंद्रप्रमुख झालो आहे. शिक्षण परिषदेत हजेरीचा विषय काढला की शिक्षक चिडतात, नाहीतर गप्प बसतात. काय करावे?

उत्तर : त्या गप्प बसण्यामागे बहुधा दमणूक असते. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात, कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भट्टीवर जातात आणि पट कागदावरच उरतो. त्याचा जाब चारचौघांत विचारला, तर शिक्षकाला तो अपमानच वाटतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी 1995च्या पुस्तकात भावनिक बुद्धिमत्तेची सुरुवात स्वतःच्या भावना ओळखण्यापासून केली आहे. वरून ‘माहिती तातडीने पाठवा’ असा निरोप आला की तुमचाही आवाज चढतो का, ते आधी पाहा. ग्रुपवर कुणालाही झापू नका.

शाळाभेटीत शेरेबुक शेवटी उघडा. आधी वर्गात मागच्या बाकावर बसा, मग शिक्षकाला एकट्याने विचारा, “कोणती मुले गेली? कुठल्या भट्टीवर?” स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड द्यायचे राहिले असेल, तर तिथेच भरून घ्या. शक्य असेल तेव्हा त्याच्याबरोबर भट्टीवरही जा; साहेब सोबत आले, हे शिक्षक विसरत नाही. मात्र कामचुकारपणा दिसला, तर एकांतात स्पष्ट बोला. पुढच्या परिषदेत पहिली वीस मिनिटे फक्त शिक्षकांना बोलू द्या.