जबालेचे सत्य

गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्ती सांगितली आहे. तिच्या अग्रभागी ‘अभय’ आहे. आणि आसुरी संपत्तीच्या अग्रभागी ‘दंभ’ आहे. हा क्रम चिंतनीय आहे. ज्याच्या चित्तात लोकांचे भय वसते, त्याला दंभाचा आश्रय घ्यावाच लागतो. या सिद्धांताचे एक हृद्य उदाहरण छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आढळते, आणि ते एका मातेचे आहे.

सत्यकाम नावाच्या बालकास गुरुगृही जाण्याची इच्छा झाली. त्याने आपली माता जबाला हिला गोत्र विचारले. तारुण्यात ठिकठिकाणी परिचर्या करीत असता तू मला लाभलास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, असे तिने सरळ सांगितले. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम. तेव्हा स्वतःस ‘सत्यकाम जाबाल’ म्हण, एवढेच तिचे मार्गदर्शन. एखादे प्रतिष्ठित गोत्र सांगून टाकणे तिला किती सुलभ होते! परंतु पुत्राच्या विद्येचा आरंभ असत्याने व्हावा, हे तिला रुचले नाही.

बालकाने हारिद्रुमत गौतमांपुढे मातेचे शब्द जसेच्या तसे निवेदन केले. तू सत्यापासून ढळला नाहीस, म्हणून गुरूंनी त्याचे उपनयन केले व चारशे कृश गायी त्याच्या स्वाधीन केल्या. त्या सहस्र झाल्यावाचून तो परतला नाही. पुढे तोच सत्यकाम उपकोसलाचा आचार्य झाला. ज्या ज्ञानपरंपरेत तो उभा राहिला, तिच्यात पित्याचे नाव नाही, मातेचे आहे.

सुज्ञ वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. उपनिषदाने जे सहज स्वीकारले, ते आपल्या व्यवहारात यावयास किती काळ लागला? १९५६ च्या हिंदू पालकत्वविषयक कायद्याने औरस अपत्याचा नैसर्गिक पालक प्रथम पिता व त्याच्यानंतर माता असे म्हटले. ‘नंतर’ याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्पष्ट केले. अविवाहित मातेस पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मागता येते, हा निर्णय २०१५ चा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत बालकाच्या नावानंतर मातेचे नाव घालण्याचे ठरले.

परंतु कायदा कागदावर नाव लिहू शकतो. मनातील तुच्छता पुसणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे. आपल्या आळीत एखादी विधवा, परित्यक्ता वा एकाकी स्त्री धुणीभांडी करून लेकरास शिकवीत असते. त्या लेकरास ‘तुझे वडील कोठे?’ असे चारचौघांत विचारणारी जिव्हा वाङ्मयीन तप करीत नाही. सतराव्या अध्यायात सांगितलेले ते तप उद्वेग न देणाऱ्या, सत्य, प्रिय व हितकर वाणीचे आहे. मातृदेवतेची स्तुती गावी आणि प्रत्यक्ष मातेचे कष्ट मात्र दृष्टीआड करावे, हा दंभच नव्हे काय?

म्हणून साधकाने नित्य दोन गोष्टी कराव्या. आपल्या घरी मुलांनी निर्भयपणे सत्य बोलावे, यासाठी प्रथम स्वतः तसे बोलावे. आणि दारी येणाऱ्या बालकाकडे गौतमांच्या दृष्टीने पाहावे: त्याचे कूळ नव्हे, त्याचे सत्य पाहावे.