बालसंगोपन : घराची जबाबदारी, वस्तीचा आधार

संतती ही अल्लाहने माता-पित्यांच्या स्वाधीन केलेली अमानत आहे. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार असून त्याला आपल्या देखरेखीखालील लोकांविषयी जाब द्यावा लागेल, या आशयाचे प्रेषितवचन (बुखारी, मुस्लिम) आपल्या परिचयाचे आहे. या वचनात शासक, घरातील पुरुष आणि स्त्री या सर्वांचा निर्देश आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. मुलाच्या संगोपनाचा जाब एकट्या आईला द्यावा लागणार नाही. पित्याला आणि ज्यांच्या हाती व्यवस्था आहे त्यांनाही तो द्यावा लागेल.

हजरत उमर (र.) यांचा निर्णय

इतिहासग्रंथांत एक प्रसंग नोंदलेला आहे. मदीनेबाहेर व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता. खलीफा हजरत उमर (र.) आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) रात्री त्याची राखण करीत होते. एक तान्हे मूल सारखे रडत होते. हजरत उमर (र.) यांनी आईला पुनःपुन्हा समज दिली, शेवटी कठोर शब्दही वापरले. तेव्हा समोर कोण उभे आहे हे न ओळखता ती म्हणाली की, मी त्याचे दूध तोडीत आहे, कारण उमर केवळ दूध सुटलेल्या मुलांनाच भत्ता देतात. पहाटेच्या नमाजमध्ये खलीफांना रडू आवरेना. त्यांनी नियम बदलला. भत्ता जन्मापासून लागू केला आणि मुलांचे दूध घाईने तोडू नका, अशी दवंडी पिटविली.

या प्रसंगाचा बोध मोठा आहे. आई निर्दय नव्हती, तिची परिस्थिती अवघड होती. तिला दोष देऊन मुलाचे रडणे थांबले नसते, आधार दिल्यानेच ते थांबले. ज्या समाजाला चांगले माता-पिता हवे आहेत, त्याने उपदेशाबरोबर आधारही दिला पाहिजे.

अंगणातील शाळा

आपल्या महाराष्ट्रात या आधाराचे एक रूप फार पूर्वी घडले. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि अनुताई वाघ यांनी त्यांना साथ दिली. पुढे हे कार्य कोसबाडला गेले. जी मुले बालवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती, त्यांच्या अंगणात बालवाडी नेली गेली. हीच अंगणवाडीची कल्पना होय. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी वस्तीवस्तीत पोहोचली.

पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. सेविका बालकाचे वजन करून वाढीच्या तक्त्यावर नोंदविते, दंडाचा घेर मोजते, गृहभेट देते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी असेल, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. डोळ्यांना न जाणवणारा धोका ही साधी पट्टी दाखवून देते.

काही घरांत अंगणवाडी म्हणजे गरिबांची खिचडी, असा समज आहे. हा समज योग्य नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांचा आणि गरोदर व स्तनदा मातांचा आहार हा हक्क ठरविला आहे. हक्क स्वीकारण्यात कमीपणा नसतो.

पित्याचे स्थान

दिव्य कुरआनने (2:233) स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. आईच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला आहे आणि त्याआधी दूध सोडवायचे असल्यास दोघांनी परस्परांच्या संमतीने व विचारविनिमयाने ठरवावे, असे म्हटले आहे. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, हाच सल्ला आजचे आरोग्यशास्त्रही देते.

विचारविनिमय करायचा तर पित्याला माहिती हवी. आपल्या मुलाचे वजन किती, कोणती लस राहिली आहे, हे किती पित्यांना सांगता येईल? महिन्यातून एकदा पित्याने स्वतः मुलाला अंगणवाडीत न्यावे, तक्ता पाहावा, सेविकेशी आदराने बोलावे. पैसा पुरविला की कर्तव्य संपले, असे नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नातवाचे चुंबन घेतले, तेव्हा अकरा बिन हाबिस यांनी आपल्या दहा मुलांपैकी एकाचेही कधी चुंबन घेतले नसल्याचे सांगितले. त्यावर जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, या आशयाचे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले (बुखारी).

वस्तीचे कर्तव्य

अंगणवाडीत मूल काही तासच असते, उरलेला दिवस घराचा असतो. तेथे शिकलेले गाणे घरी ऐकले गेले नाही आणि रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल दिला गेला, तर सेविकेचे श्रम वाया जातात. तसेच शहरांतील अनेक अंगणवाड्या भाड्याच्या लहानशा खोलीत भरतात. मोहल्ल्यातील जमातने आपले सभागृह सकाळी उपलब्ध करून द्यावे, जुम्याच्या दिवशी लसीकरणाची तारीख जाहीर करावी, जाणत्या स्त्रियांनी नवमातांना सोबत न्यावे. या कामांना खर्च फारसा नाही, इच्छा मात्र हवी.

मूल रडत असेल, तर प्रथम आईला बोल लावू नये. तिच्या डोक्यावरचा कोणता भार आपल्याला उचलता येईल, हे पाहावे. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.