बोट कोणाकडे?



आज झावळ्या हाती घेऊन आपण पवित्र आठवड्यात पाऊल टाकले. भस्म बुधवारी सुरू झालेला उपवासकाळ आता संपत आला आहे. कोणी मांसाहार सोडला, कोणी क्रुसाच्या वाटेची भक्ती चुकवली नाही. हे सारे चांगलेच आहे. परंतु एक काम अजून राहिले असेल, ते म्हणजे आत्मपरीक्षण.

या आठवड्यात बुधवारच्या मिस्सेत संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा २६ वा अध्याय (१४-२५) वाचला जातो. भोजनाच्या वेळी येशू सांगतो की, बारा जणांपैकीच एक जण आपल्याला धरून देणार आहे. शिष्य अतिशय खिन्न होतात. अशा वेळी आपण काय केले असते? चटकन इकडेतिकडे पाहिले असते. 'हा असेल, याचे वागणे मला पहिल्यापासून खटकत होते' असे मनात आले असते. मत्तय मात्र सांगतो की, त्यातील प्रत्येकाने तो आपणच आहोत का, असे प्रभूला विचारले. बोट शेजाऱ्याकडे न जाता स्वतःकडे वळले. आत्मपरीक्षणाची सुरुवात इथेच होते.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलत भावाशी माझे बोलणे बंद होते. दरवर्षी पापनिवेदनाला गेलो की मी सांगायचो, 'फादर, भाऊ असा वागला, म्हणून मी रागावलो.' एके वर्षी धर्मगुरूंनी शांतपणे विचारले, "भावाचे पाप तुम्ही सांगितलेत. आता तुमचे सांगा." मी गप्प झालो. इतकी वर्षे मी दुसऱ्याचेच पापनिवेदन करीत होतो! वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४), हे पाठ असूनही माझे पाय त्याच्या दाराकडे वळले नव्हते. पवित्र गुरुवारी संध्याकाळी मी गेलो. फार बोलणे झाले नाही. वहिनींनी चहा ठेवला, एवढे मात्र झाले.

परंतु केवळ आपली चूक कळणे पुरेसे आहे का? यहूदालाही चूक कळली. त्याला पस्तावा झाला, त्याने पाप कबूल केले, चांदीची ३० नाणीही परत केली (मत्तय २७:३-५). मग कमी कुठे पडले? तो मुख्य याजकांकडे गेला, येशूकडे गेला नाही. त्या भोजनाच्या वेळी इतर शिष्यांनी येशूला 'प्रभू' म्हटले, यहूदाने मात्र 'गुरुजी' म्हटले. गुरुजी चूक दाखवतात. क्षमा करून नवे जीवन देतो तो प्रभू.

पेत्राने त्याच रात्री तीनदा येशूला नाकारले. कोंबडा आरवला, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला (लूक २२:६०-६२). पुढे तिबिर्य समुद्राच्या काठी, कोळशांच्या विस्तवाजवळ, येशूने त्याला तीनदा प्रेमाविषयीच विचारले आणि आपली मेंढरे त्याच्याकडे सोपवली (योहान २१). दोघेही चुकले होते. पेत्राने मात्र ख्रिस्ताच्या नजरेला नजर दिली. श्रद्धेवाचून आत्मपरीक्षण माणसाला निराशेकडे नेते, तर आत्मपरीक्षणावाचून श्रद्धा दिखाऊ होते.

या आठवड्यात रोज रात्री दहा मिनिटे क्रुसापुढे बसून स्वतःला विचारू या:

१. माझ्या घरातल्या कोणाशी, भावकीत किंवा शेजारात मी बोलणे टाकले आहे का?
२. कामगाराची मजुरी, भावंडाचा वाटा किंवा कोणाचे उसने पैसे माझ्याकडे अडकले आहेत का?
३. कोणाच्या पाठीमागे बोलून मी त्याचे नाव खराब केले आहे का?
४. वृद्ध आईवडिलांजवळ मी शेवटचा निवांत कधी बसलो?
५. चारचौघांत ख्रिस्ताचा म्हणून ओळख द्यायची वेळ आली तेव्हा मी पेत्रासारखा मागे सरलो का?

उत्तर सापडले की तिथेच थांबू नये. प्रायश्चित्त संस्कारात ते प्रभूपुढे ठेवावे आणि ज्याचे मन दुखावले त्याच्या दारी जावे.

शनिवारी रात्री जागरणविधीत पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन आपण स्नानसंस्काराची वचने पुन्हा उच्चारणार आहोत. सैतानाचा त्याग करता का, असे धर्मगुरू विचारतील. ते उत्तर नुसते ओठांवरचे नसावे, यासाठीच हे पाच दिवस आपल्या हाती आहेत.

हे प्रभू येशू, पेत्राकडे पाहिलेस तसे आमच्याकडेही पाहा. आमेन.